वाचकांचे प्रश्न : परवान्यावरचा फोटो, पदर आणि कुंकू

अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानप्रवासासाठी ७ मे २०२५ पासून ‘रिअल आयडी’ दर्जाचे, म्हणजे संघराज्याच्या निकषांप्रमाणे राज्याने दिलेले ओळखपत्र (किंवा पासपोर्ट) मागितले जाऊ लागले आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलला. पूर्वी विचारणा व्हायची ती कागदपत्रांची : भाडेकरार चालेल का, विजेचे बिल चालेल का. आता बरीच पत्रे फोटोबद्दल असतात आणि त्यांतली काही वाचून मन अस्वस्थ होते, कारण फोटोचा प्रश्न कागदाचा नसून चेहऱ्याचा, पेहरावाचा आणि घरातल्या रीतीचा असतो. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना गोंधळात टाकणारी गोष्ट आधी सांगते. भारतात परवान्याचा अर्ज म्हटला की पासपोर्ट आकाराचे फोटो पाकिटात घालून निघायचे, ही सवय आपल्या हाडात मुरलेली आहे. इथे वाहन परवाना आणि राज्याचे ओळखपत्र देणारे कार्यालय फोटो स्वतःच काढते. खिडकीसमोर उभे राहायचे, पाठीमागे पडदा असतो, आणि अर्ध्या मिनिटात काम उरकते. ‘हनुवटी थोडी खाली घ्या’ असे प्रेमाने सांगणारा स्टुडिओवाला तिथे नसतो, त्यामुळे काय चालते आणि काय चालत नाही हे आपल्यालाच आधी ठाऊक असलेले बरे.

नियमाचा मूळ मजकूरही एकदाच सांगून ठेवते, म्हणजे पुढे प्रत्येक उत्तरात तो पुन्हा सांगावा लागणार नाही. रिअल आयडी कायदा २००५ सालचा, आणि त्याखालची संघराज्याची नियमावली २००८ सालची. फोटोबद्दल ती असे सांगते : प्रकाश चेहऱ्यावर सारखा पडलेला असावा, माथ्यापासून हनुवटीच्या तळापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चेहरा स्पष्ट आणि सावलीविना दिसावा, बुरखा, ओढणी किंवा शिरोवस्त्र यांनी चेहऱ्याचा कोणताही अवयव झाकू नये आणि त्यांची सावली पडू नये, डोळ्यांतली बुबुळे आणि बाहुल्या दिसाव्यात, आणि चेहऱ्यावर प्रकाशाचे चमकते ठिपके येणार नाहीत याची काळजी घ्यावी. रिअल आयडी नसलेल्या साध्या परवान्याला त्या त्या राज्याचा नियम लागू होतो, परंतु कॅमेरा आणि खिडकी तीच असल्यामुळे प्रत्यक्षात फारसा फरक जाणवत नाही.

प्रश्न : माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि ग्रीन कार्डावर आमच्याकडे राहते. ती आयुष्यभर नऊवारी नेसली आणि परक्या माणसांसमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. ओळखपत्रासाठी गेलो असता खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘डोक्यावरचे काढा’ असे सांगितले. मागे रांग होती, आई गोंधळली आणि तिने पदर खांद्यावर घेतला. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. पदर काढणे खरोखरच आवश्यक होते का? — एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नव्हते. आपल्या आईचा चेहरा माथ्याच्या केसांपासून हनुवटीपर्यंत दिसत असेल, तर नुसत्या पदरामुळे फोटो नियमबाह्य ठरत नाही.

वर दिलेला मजकूर काळजीपूर्वक वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. एका वाक्यात तो ‘माथ्यापासून’ चेहरा दिसावा म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात शिरोवस्त्राचा उल्लेख करून ते अवयव झाकत नसेल आणि सावली पाडत नसेल एवढीच अट घालतो. डोक्यावर वस्त्र घेऊन माणसे फोटोला बसणार, हे नियम लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले होते, नाहीतर त्या दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती. शीख बांधव पगडीसह आणि मुस्लिम भगिनी हिजाबसह याच देशात परवान्याचे फोटो काढून घेतात ते याच आधारावर. खिडकीवरचा कर्मचारी बहुधा दिवसभर टोप्या आणि हुड काढायला सांगत असतो, आणि पदर हा त्याला तशाच एखाद्या टोपीसारखा दिसला असावा. त्याने मुद्दाम अपमान केला असे मी म्हणणार नाही. पण आपल्या आईला जे सोसावे लागले ते टळू शकले असते, हेही तितकेच खरे आहे.

एक बारकावा मात्र नीट समजून घ्या. संघराज्याच्या नियमावलीतल्या त्या वाक्यात धर्माचा उल्लेख नाही, पण अनेक राज्यांच्या स्वतःच्या नियमांत शिरोवस्त्राची सवलत ‘धार्मिक किंवा वैद्यकीय कारणासाठी’ अशा शब्दांत दिलेली असते, आणि काही ठिकाणी तसे लिहून देण्यास सांगतात. मग पदर हा धर्म की रीत, असा प्रश्न उभा राहतो. माझे मत असे की आपल्या आयांच्या आणि आज्यांच्या पिढीत या दोहोंमध्ये रेघ ओढताच येत नाही. देवापुढे दिवा लावताना, वडीलधाऱ्यांसमोर, कीर्तनाला बसताना आणि परक्या पुरुषासमोर जो पदर डोक्यावर येतो, तो एकच पदर असतो. तेव्हा जे खरे आहे तेच सांगावे : ‘श्रद्धा आणि परंपरा म्हणून मी घराबाहेर डोके झाकते.’ याहून अधिक रंगवून सांगण्याची गरज नाही, आणि जी बाई एरवी कधी डोक्यावर पदर घेत नाही तिने केवळ फोटोपुरता तो हक्क मागू नये, कारण अशाने खरोखर घेणाऱ्यांची बाजू कमकुवत होते.

गेली अनेक वर्षे मी ज्येष्ठ मंडळींबरोबर अशा कार्यालयांत दुभाषी म्हणून जाते आहे, त्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. पदर कपाळावर ओढलेला नसावा. केसांची पुढची रेषा दिसेल इतका मागे घेऊन दोन्ही बाजूंनी कानांमागे पिनने बसवावा, म्हणजे ‘कानापासून कानापर्यंत’ या शब्दांवरून वाद उरत नाही. रुंद आणि जड काठाची साडी त्या दिवशी टाळावी, कारण वरून येणाऱ्या दिव्यात काठाची सावली कपाळावर आणि डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि खरी अडचण तिथे होते. राज्याच्या संकेतस्थळावरचा शिरोवस्त्राचा नियम छापून हातात ठेवावा. आणि खिडकीवर ‘नाही’ आले तर वाद न घालता ‘पर्यवेक्षकांशी बोलता येईल का’ एवढेच विचारावे. मी पाहिलेल्या बहुतेक वेळी प्रश्न तिथेच मिटला आहे. पुरुष कर्मचाऱ्यासमोर संकोच वाटत असेल तर स्त्री कर्मचाऱ्याची विनंती करण्यातही काही गैर नाही.

आता झालेल्या फोटोचे काय? रिअल आयडी दर्जाचे ओळखपत्र जास्तीत जास्त आठ वर्षांसाठी दिले जाते, आणि आठ वर्षे आपल्या आईने स्वतःचा तो फोटो पाहून मान खाली घालावी असे मला मुळीच वाटत नाही. बदली ओळखपत्राचा अर्ज करा, त्याचे शुल्क भरा आणि नवा फोटो काढून घ्या. शुल्क राज्यागणिक वेगळे असते, पण या कारणासाठी ते भरावे असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन.

प्रश्न : मी रोज ठसठशीत कुंकू लावते आणि सणावाराला नथ घालते. फोटोच्या दिवशी कपाळ कोरे ठेवावे लागेल का? माझ्या सासऱ्यांच्या कपाळी अष्टगंध आणि बुक्का असतो, त्यांचे काय? — एक वाचिका, ह्यूस्टन, टेक्सस

उत्तर : कपाळ कोरे ठेवण्याची आवश्यकता नाही. कुंकू, गंध, बुक्का यांच्याविषयी नियमावलीत काहीही म्हटलेले नाही, आणि यांपैकी कशानेही नाक, डोळे, भुवया किंवा ओठ झाकले जात नाहीत. काळजी घ्यायची ती चकाकीची. खड्यांची टिकली फ्लॅशच्या उजेडात लखलखते आणि नियमाने टाळायला सांगितलेला चमकता ठिपका नेमका कपाळाच्या मधोमध उमटतो. ओल्या कुंकवाचेही थोडेफार तसेच होते. साधे कोरडे कुंकू किंवा मखमली टिकली लावा. चमकी नाकाला चिकटून बसलेली असते, तिची अडचण नाही. पण मोत्यांची मोठी नथ ओठांवर उतरते आणि खाली सावली पाडते, म्हणून ती त्या एका क्षणापुरती उतरवणे शहाणपणाचे.

सासऱ्यांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. ते रोज गंध लावत असतील तर विमानतळावर उभे राहतानाही ते लावलेलेच असणार, आणि ओळखपत्राचा फोटो हा माणूस रोज जसा दिसतो तसा असण्यातच त्याचा उपयोग आहे.

प्रश्न : चष्मा काढायला सांगितला आणि हसूही नका म्हणाले. चष्म्याशिवाय मला माझे कुटुंबीयसुद्धा ओळखत नाहीत! यामागे काही तर्क आहे का? — एक वाचक, रेडमंड, वॉशिंग्टन

उत्तर : तर्क आहे, आणि तो माणसाच्या नजरेचा नसून यंत्राचा आहे. चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली डोळ्यांमधले अंतर, नाकाची ठेवण, ओठांच्या कडा अशा खुणांवरून दोन फोटोंची तुलना करते. मनमोकळे हसले की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, ओठांच्या कडा सरकतात, आणि तुलना चुकण्याची शक्यता वाढते. २००९ च्या सुमारास आर्कान्सॉ, इंडियाना, नेव्हाडा आणि व्हर्जिनिया या राज्यांनी याच कारणासाठी परवान्याच्या फोटोत भावविरहित चेहरा ठेवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. सगळीकडे इतके कडक धोरण नाही. ओठ मिटून हलके स्मित अनेक ठिकाणी चालते. पण दात दिसतील असे हसू नये.

चष्म्याच्या बाबतीत संघराज्याचा नियम केवळ एवढेच म्हणतो की बुबुळ आणि बाहुली झाकणारा चष्मा नसावा. पारदर्शक काचांवर त्याने सरसकट बंदी घातलेली नाही. तरीही काचेवरची चकाकी आणि फ्रेमची कड टाळणे कठीण म्हणून अनेक कार्यालये चष्मा काढूनच घेतात. अमेरिकी पासपोर्टच्या बाबतीत मात्र १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्याला मनाईच आहे. वैद्यकीय कारण असेल आणि डॉक्टरांचे सहीचे पत्र जोडले तरच अपवाद होतो. गाडी चालवताना चष्मा लागतो ही नोंद परवान्यावर वेगळ्या ठिकाणी असते, तिचा फोटोशी संबंध नाही, हे येथे सांगितले पाहिजे, कारण फोटोत चष्मा नाही म्हणून ती अटही सुटली असा समज करून घेतलेले वाचक मला भेटले आहेत.

प्रश्न : वडील गेले. त्यांचे दिवसकार्य करून मी नुकताच साताऱ्याहून परतलो. मुंडण केलेले आहे, मिशाही काढल्या आहेत, आणि याच महिन्यात परवान्याची मुदत संपते. केस वाढेपर्यंत थांबू का? — एक वाचक, ॲटलांटा, जॉर्जिया

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. थांबू नका. केस आणि मिशा यांविषयी नियमावलीत कोणतीही अट नाही, आणि मुदत संपलेला परवाना घेऊन गाडी चालवण्याचा धोका पत्करण्याजोगे हे कारण नाही. आपल्या राज्यात घरबसल्या नूतनीकरणाची सोय उपलब्ध असेल आणि आपण तिच्यात बसत असाल, तर जुनाच फोटो पुढे चालवला जाण्याचीही शक्यता असते. रिअल आयडीच्या नियमानुसार नवा फोटो किमान दर सोळा वर्षांनी एकदा घेणे राज्यावर बंधनकारक आहे, म्हणजे मधल्या एखाद्या नूतनीकरणाला फोटो तोच राहू शकतो.

खिडकीवर जावेच लागले तर तसेच जा. सहा महिन्यांनी केस वाढल्यावर कोणी परवाना पाहून थबकले, तरी डोळे, नाक, कान आणि जबड्याची ठेवण बदललेली नसते. ओळख पटवणारे माणूस आणि यंत्र दोघेही त्यावरच विसंबतात. काही वाचक मुंडण झाकण्यासाठी टोपी घालून फोटो काढता येईल का असे विचारतात. शोकाच्या काळात डोके झाकण्याची रीत आपल्या घरी असेल तर वर पदराविषयी लिहिलेले सारे आपल्यालाही लागू पडते, पण केवळ संकोचापोटी टोपी घातली तर ती काढायलाच सांगतील.

प्रश्न : श्रद्धेच्या कारणाने फोटोच न देता परवाना मिळू शकतो का? आमच्या शेजारी आमिश या फोटो टाळणाऱ्या ख्रिस्ती समाजाची वस्ती आहे, त्यावरून हे कुतूहल वाटले. — एक वाचक, लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : प्रश्न कुतूहलाचा असला तरी त्यामागे मोठा इतिहास आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

नेब्रास्का राज्यात फ्रान्सिस क्वेरिंग नावाच्या बाईंनी परवान्यासाठी फोटो देण्यास नकार दिला. बायबलमधल्या दुसऱ्या आज्ञेत कोणत्याही वस्तूची प्रतिमा करू नये असे म्हटले आहे, आणि त्या ती आज्ञा अक्षरशः पाळत. त्यांच्या घरी लग्नाचा फोटो नव्हता, दूरचित्रवाणी संच नव्हता, फुलापानांची चित्रे असलेली सजावट नव्हती. बाजारातून आणलेल्या खाद्यपदार्थाच्या डब्यावर चित्र असले तर त्या ते वेष्टण काढून टाकत किंवा काळ्या शाईने चित्र झाकून टाकत. हे सारे न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहे. १९८४ साली आठव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायमूर्ती चार विरुद्ध चार असे समसमान विभागले गेले, त्यामुळे खालचा निकाल कायम राहिला. मात्र समसमान मतांमुळे टिकलेला निकाल साऱ्या देशावर बंधनकारक ठरत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न राज्यागणिक वेगळा राहिला.

दुसरे प्रकरण फ्लोरिडाचे. सुलताना फ्रीमन या मुस्लिम महिलेला २००१ साली फक्त डोळे दिसतील अशा नकाबातल्या फोटोसह परवाना मिळाला होता; नंतर राज्याने उघड्या चेहऱ्याचा फोटो मागितला आणि तो न मिळाल्याने परवाना रद्द केला. स्त्री कर्मचाऱ्याकडून, कोणीही पुरुष हजर नसताना फोटो काढण्याची तयारी राज्याने दाखवली होती. २००३ साली खालच्या न्यायालयाने आणि २००६ साली अपील न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की मधला फरक ध्यानात येतो. क्वेरिंग यांच्या निकालाला अकरा सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांपूर्वीचा काळ लाभला होता, फ्रीमन यांचा खटला त्यानंतर चालला, आणि त्या हल्ल्यांनंतर ओळख पटवण्याच्या गरजेकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. रिअल आयडी कायदाही त्याच बदललेल्या दृष्टीतून आला. आज स्थिती अशी आहे की काही राज्ये धार्मिक कारणासाठी फोटोविना साधा परवाना किंवा ओळखपत्र देतात, आणि आमिश समाजाच्या वस्तीमुळे पेनसिल्व्हेनिया हे त्यांतले ठळक उदाहरण आहे. परंतु रिअल आयडी दर्जाच्या कार्डावर पूर्ण चेहऱ्याचा फोटो असणे बंधनकारक आहे. डोके झाकण्याचा हक्क आणि चेहरा झाकण्याचा हक्क या दोन गोष्टी इथल्या न्यायालयांनी वेगळ्या मानल्या आहेत. पहिला बव्हंशी मान्य झाला आहे, दुसऱ्याला फ्लोरिडात नकार मिळाला.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो, म्हणून हे विचारतो : काढलेला फोटो नंतर कुठे जातो? — एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : या सदरातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, आणि तो फार थोडे लोक विचारतात.

कार्ड छापून झाले म्हणजे फोटोचे काम संपत नाही. रिअल आयडीच्या नियमानुसार अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचा फोटो घ्यावा लागतो आणि तो जपून ठेवावा लागतो : कार्ड दिले गेले तर त्याची मुदत संपल्यानंतर किमान दोन वर्षे, आणि कार्ड नाकारले गेले तरी किमान पाच वर्षे. एकाच माणसाने दोन नावांनी दोन राज्यांत परवाने काढू नयेत, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो रास्त आहे.

पण जपून ठेवलेल्या वस्तूचे इतरही उपयोग सुचू लागतात. १९८९ साली कॅलिफोर्नियात एका तरुण अभिनेत्रीचा तिच्यामागे लागलेल्या माणसाने खून केला; तिचा पत्ता एका खासगी गुप्तहेराने वाहनविभागाच्या नोंदींतून मिळवला होता. त्या घटनेनंतर १९९४ साली वाहनचालकांच्या खासगी माहितीचे रक्षण करणारा संघीय कायदा झाला. फोटो मात्र सुरुवातीला फारसा सुरक्षित नव्हता. १९९९ साली साउथ कॅरोलायना राज्याने आपल्या वाहनचालकांचे लाखो फोटो एका खासगी कंपनीला विकल्याचे उघड झाले, लोक संतापले, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन फोटोला विशेष संरक्षण मिळाले. तेव्हापासून सामाजिक सुरक्षा क्रमांक आणि वैद्यकीय माहिती यांच्या बरोबरीने फोटो हा ‘अत्यंत प्रतिबंधित’ माहितीत मोडतो आणि मालकाच्या स्पष्ट संमतीशिवाय तो सहसा देता येत नाही. सरकारी संस्था आणि न्यायालयीन कामकाज यांना मात्र त्यातून सूट आहे.

ही सूट किती मोठी आहे ते जुलै २०१९ मध्ये दिसले. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा विभागातल्या संशोधकांनी मिळवलेल्या कागदपत्रांवरून असे उघड झाले की एफबीआय आणि स्थलांतरितांविरुद्ध कारवाई करणारा विभाग यांनी राज्यांच्या परवाना-फोटोंमध्ये चेहरा ओळखण्याच्या प्रणालीने शोध घेतले होते, आणि ज्यांचे फोटो तपासले गेले त्या सामान्य परवानाधारकांना याची कल्पनाही नव्हती. युटा, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या राज्यांची नावे त्यात होती. व्हरमाँटमध्ये तर २००४ पासूनच वाहनविभागाला अशा जैविक ओळखपद्धती वापरण्यास कायद्याने मनाई होती.

आपण संगणकाच्या क्षेत्रातले आहात, तेव्हा पुढची गोष्ट आपल्याला अधिक नेमकी कळेल. अमेरिकेच्या मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, डिसेंबर २०१९ मध्ये अनेक कंपन्यांच्या प्रणाली तपासून अहवाल प्रसिद्ध केला. दोन वेगवेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांच्या बाबतीत गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा कित्येकदा दहा ते शंभर पटींनी अधिक होते, असे त्यात आढळले. दक्षिण आशियाई चेहऱ्यांच्या बाबतीत ही चूक आफ्रिकी आणि पूर्व आशियाई चेहऱ्यांपेक्षा थोडी कमी असली तरी पूर्व युरोपीय चेहऱ्यांहून जास्तच होती. अशा चुकीची शिक्षा भोगावी लागते हेही काल्पनिक नाही : मॅसॅच्युसेट्समध्ये २०११ साली एका माणसाचा परवाना केवळ त्याचा चेहरा दुसऱ्या एका चालकाशी जुळतो असे यंत्राने सांगितल्यामुळे रद्द झाला होता, आणि आपण आपणच आहोत हे सिद्ध करेपर्यंत त्याला गाडी चालवता आली नाही.

म्हणून माझा आग्रह असा की फोटो चांगला यावा ही हौस समजू नये. सारखा प्रकाश, सरळ मान, उघडे डोळे, चेहऱ्यावर सावली नाही, असा फोटो आपल्याला दुसऱ्या कोणाशी घोळण्यापासून काही प्रमाणात वाचवतो. सावळ्या चेहऱ्यावर प्रकाश कमी पडला तर तपशील हरवतात आणि यंत्राला तुलनेसाठी थोडेच उरते. खिडकीवर संगणकाचा पडदा दाखवत असतील तर फोटो पाहू द्या म्हणावे; डोळ्यांवर सावली किंवा चेहरा काळवंडलेला दिसला तर त्याच क्षणी, नम्रपणे, पुन्हा काढायला सांगावे. छापून घरी आल्यावर तीच विनंती शुल्काशिवाय मान्य होणे कठीण असते. आपला चेहरा दुसऱ्याशी जुळतो म्हणून कारवाई सुरू झाल्याचे वाहनविभागाचे पत्र आले तर ते बाजूला ठेवू नका. दिलेल्या मुदतीत सुनावणी मागा आणि जुने पासपोर्ट, जुने परवाने सोबत न्या.

प्रश्न : माझ्या परवान्यावरचा फोटो काळापांढरा का? — एक वाचिका, रिचमंड, व्हर्जिनिया

उत्तर : आपल्या राज्याने २००९ पासून पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे एका कठीण प्लास्टिकचे कार्ड घेतले आहे. त्यात फोटो वरून छापलेला नसून लेसरने कार्डाच्या आत कोरलेला असतो, त्यामुळे तो खरवडून बदलणे फार कठीण जाते. न्यूयॉर्कनेही २०१३ मध्ये हाच मार्ग धरला. रिअल आयडीचा नियम रंगीत आणि काळापांढरा असे दोन्ही फोटो मान्य करतो.

प्रश्न : आम्हा सर्वांचीच कामे एकदम निघाली आहेत : माझा भारतीय पासपोर्ट, पतीचे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड, चार महिन्यांच्या बाळाचा अमेरिकी पासपोर्ट आणि सासूबाईंचे राज्याचे ओळखपत्र. औषधांच्या दुकानातून एकदाच फोटो काढून सगळीकडे वापरता येतील का? सासूबाई पर्यटक व्हिसावर आल्या आहेत. — एक वाचिका, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : येणार नाहीत, कारण प्रत्येकाचे माप आणि पार्श्वभूमी निराळी आहे.

बाळाच्या अमेरिकी पासपोर्टसाठी दोन इंच बाय दोन इंचांचा, पांढऱ्या किंवा किंचित मळकट पांढऱ्या पार्श्वभूमीचा, सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो. बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणे निजवून वरून फोटो काढावा. धरणाऱ्याचा हात किंवा सावली त्यात येऊ नये. एवढ्या लहान बाळाचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी चालते. फोनमधल्या ॲपने किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो उजळू नका. अशा फेरफाराला परराष्ट्र खात्याने स्पष्ट मनाई केली आहे. पासपोर्टच्या फोटोत डोके झाकायचे असेल तर धार्मिक पेहराव असल्याचे सहीचे निवेदन जोडावे लागते, हेही इतर वाचकांसाठी येथेच सांगून ठेवते.

आपल्या भारतीय पासपोर्टसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकाप्रमाणे फोटो मागतात : पांढरी पार्श्वभूमी, ६३० बाय ८१० पिक्सेल, आणि चेहऱ्याने फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापलेला. इथल्या दुकानातला चौकोनी फोटो त्यामुळे चालत नाही. ओसीआयसाठी पुन्हा चौकोनी फोटो लागतो, पण त्याच्या सूचनांत पार्श्वभूमी फिकट रंगाची असावी, पांढरी नसावी, असे सांगितलेले आहे, आणि बाळासाठी काढलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर पतीलाही उभे केले की नेमका हाच घोटाळा होतो. दुकानदाराला तिन्ही मापे कागदावर लिहून द्या.

सासूबाईंसाठी फोटो नेण्याचा प्रश्नच नाही, तो कार्यालयातच निघतो. पण त्या पर्यटक म्हणून आल्या असतील तर त्यांना राज्याचे ओळखपत्र हवेच आहे का, याचा आधी विचार करा. देशांतर्गत विमानासाठी त्यांचा भारतीय पासपोर्ट वैध ओळखपत्र म्हणून स्वीकारला जातो, आणि मोठ्या माणसाबरोबर देशात प्रवास करणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलांकडे विमानतळावरचा सुरक्षा विभाग ओळखपत्र मागत नाही, त्यामुळे बाळासाठीही वेगळे कार्ड काढण्याची घाई नको. सासूबाईंचा पासपोर्ट सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, आणि त्यातल्या फोटोत पदर असेल तर विमानतळावरही त्यांनी तो तसाच घेऊन जावे.